मिडलसेक्स काउंटीत डिसॅबिलिटीचा अर्ज : आपल्या घरांतून येणारे प्रश्न

एडिसन, इझलिन, पिस्कॅटवे, वुडब्रिज. न्यू जर्सीतल्या या पट्ट्यात आपली माणसं खूप. गणपतीत, दिवाळीच्या फराळाला भेट झाली की कुणीतरी बाजूला घेऊन हळू आवाजात विचारतं, "ताई, यांच्या स्ट्रोकला सहा महिने झाले. ते डिसॅबिलिटीचं काही असतं ना?" माझ्या यजमानांच्या आजारपणात मी हे सगळं कागद चाळून, फोन करून, चुका करून शिकले. त्यानंतर अनेकांसोबत अर्ज भरायला बसले. तेच ते प्रश्न पुन्हापुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवते आहे. मी वकील नाही. रकमा २०२६ सालच्या आहेत आणि दर जानेवारीत बदलतात.

आपल्या काउंटीत अपंगत्वाचं प्रमाण किती, हे कोण ठरवतं?

कुणी डॉक्टर मोजत नाही. जनगणना विभाग दरवर्षी देशभरातल्या सुमारे ३५ लाख पत्त्यांवर एक प्रश्नावली पाठवतो. तिच्यात सहा प्रश्न असतात. ऐकायला खूप त्रास होतो का? चष्मा लावूनही दिसत नाही का? लक्ष लागणं, आठवणं, निर्णय घेणं जड जातं का? चालणं किंवा जिना चढणं? अंघोळ करणं, कपडे घालणं? एकट्याने डॉक्टरकडे किंवा दुकानात जाणं? एकाला जरी 'हो' म्हटलं तरी ती व्यक्ती आकड्यात येते.

या हिशेबाने देशात साधारण १३ टक्के लोक अपंगत्वासह जगतात. न्यू जर्सीचं प्रमाण त्याहून कमी, तर वेस्ट व्हर्जिनियात जवळजवळ पाचात एक. तिथे लोकसंख्या वयस्कर आणि पिढ्यान्‌पिढ्या खाणीत, अंगमेहनतीच्या कामात गेलेली. आपल्या काउंटीत २०२० च्या जनगणनेत ८ लाख ६३ हजार माणसं होती. त्यांत शिकायला आणि नोकरीला आलेली, कमावत्या वयाची माणसं बरीच.

पण कमी आकड्यामागे आणखी एक गोष्ट आहे, असं मला वाटतं. आपल्या घरात ही प्रश्नावली आली की मुलगा किंवा सून ती भरते. आईला दाराची बेल ऐकू येत नाही, सहा महिन्यांत ती एकटी जिना उतरलेली नाही, तरी सहाही ठिकाणी 'नाही' लिहिलं जातं. "वयच झालंय, अपंग थोडीच आहे ती!" अशाच आकड्यांच्या आधारे सोयी आखल्या जातात, पैसे वाटले जातात. आई त्या मोजणीत आलीच पाहिजे. खरं तेच लिहा.

काउंटीच्या ऑफिसात अर्ज द्यायचा का?

नाही. इथेच बहुतेकांचा पहिला महिना वाया जातो. डिसॅबिलिटीचे दोन्ही मोठे लाभ, एसएसडीआय आणि एसएसआय, केंद्र सरकारच्या सोशल सिक्युरिटीकडून मिळतात. काउंटीचं बोर्ड ऑफ सोशल सर्व्हिसेस न्यू ब्रन्सविकला आहे. तिथे अन्नासाठीचं स्नॅप, कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्यविमा म्हणजे मेडिकेड आणि उत्पन्न अगदीच नसेल तर तात्पुरती रोख मदत यांचे अर्ज होतात. सोशल सिक्युरिटीचा निकाल यायला सहा-आठ महिने सहज लागतात. तोवर घरात धान्य यायला हवं आणि औषधं थांबता कामा नयेत. म्हणून दोन्ही दारं एकाच आठवड्यात ठोठवा. मदत मागायला लाज वाटते हे मला ठाऊक आहे, मलाही वाटली होती. पण वर्षानुवर्षं पगारातून कर कापला गेला, तो याच दिवसांसाठी.

एसएसडीआय आणि एसएसआय यांत फरक काय?

एसएसडीआय म्हणजे विमा. तुम्ही काम केलंत, पगारातून सोशल सिक्युरिटीचा हप्ता गेला, म्हणून मिळतो. घरात किती पैसा आहे, बायकोचा पगार किती, हे तिथे बघत नाहीत. एसएसआय म्हणजे गरजूंसाठीची मदत. तिला कामाचा इतिहास लागत नाही, पण उत्पन्न आणि बचत तपासतात. बँकेत एकट्याचे २,००० डॉलर किंवा नवरा-बायकोचे मिळून ३,००० डॉलर यांच्या वर गेलं की नाही मिळत. राहतं घर आणि एक गाडी यात धरत नाहीत. एसएसआयची महिन्याची कमाल रक्कम एका व्यक्तीला ९९४ डॉलर. स्वतंत्र राहणाऱ्याला न्यू जर्सी त्यात ३१.२५ डॉलरची भर घालतं.

माझ्याकडे पुण्याच्या सरकारी हॉस्पिटलचं साठ टक्क्यांचं सर्टिफिकेट आहे. ते चालेल?

पुरावा म्हणून जोडा, पण टक्क्यांना इथे किंमत नाही. भारतात चाळीस टक्क्यांची रेष ओलांडली की सवलती सुरू होतात. इथल्या सोशल सिक्युरिटीत अर्धं किंवा पाऊण अपंगत्व नसतंच. प्रश्न एकच : या आजारामुळे तुम्हाला पोटापुरतं काम करता येत नाही का, आणि ही स्थिती किमान बारा महिने टिकलेली किंवा टिकणार आहे का, किंवा तिचा शेवट मृत्यूत होणार आहे का? 'पोटापुरतं काम' म्हणजे महिन्याला १,६९० डॉलरची कमाई, अंध व्यक्तीसाठी २,८३०. त्याहून जास्त कमावत असाल तर फाइल उघडून पुढचं वाचतही नाहीत.

टक्क्यांचा हिशेब इथे सैन्यातून निवृत्त झालेल्यांसाठी आणि कामावर झालेल्या दुखापतीच्या भरपाईत असतो. शेजाऱ्याला 'तीस टक्के' मिळाले म्हणजे ते वेगळ्या खात्यातून.

मग निकाल लागतो कसा?

अर्ज सोशल सिक्युरिटीकडे जातो, पण आजाराचा निवाडा न्यू जर्सीच्या कामगार खात्याखालचं एक कार्यालय करतं. तिथला अधिकारी आणि डॉक्टर पाच पायऱ्यांनी जातात. तुम्ही आता कमावता का? आजार गंभीर आहे का? तो त्यांच्या ठरलेल्या यादीतल्या निकषांत बसतो का? नसेल बसत तर गेल्या पाच वर्षांत केलेलं काम अजून करता येईल का? तेही नाही, तर वय, शिक्षण आणि अनुभव पाहता देशात दुसरं कुठलंही काम करता येईल का?

आपल्या लोकांचं गाडं चौथ्या-पाचव्या पायरीवर अडतं. आयुष्यभर कॉम्प्युटरपुढे काम केलेल्या माणसाचं कंबरेचं ऑपरेशन झालं, चालता येत नाही. त्याला वाटतं, आता तर मंजूर होणारच. पण त्याचं काम बसून करायचंच होतं. त्याच्या अर्जात चालण्याची अडचण कमी महत्त्वाची. वीस मिनिटांच्या वर बसवत नाही, वेदनेच्या गोळ्यांनी डोकं जड होतं, एक ईमेल तीनदा वाचावी लागते, महिन्यातून पाच-सहा दिवस अंथरुणातून उठता येत नाही, यातलं जे खरं असेल ते डॉक्टरांच्या नोंदींत आलेलं हवं. वयाची पन्नाशी ओलांडली की नियम थोडे सैल होतात. इंग्रजी येत नाही हा मुद्दा मात्र २०२० पासून शिक्षणाच्या हिशेबात धरत नाहीत.

फॉर्ममध्ये 'तुमचा दिवस कसा जातो' असं विचारलंय. तिथे काय लिहू?

या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण आमचा पहिला अर्ज इथेच गेला आणि चूक आमची होती.

यजमानांची उजवी बाजू स्ट्रोकनंतर अर्धवट परतली होती. 'स्वयंपाक करता का?' या चौकटीत मी लिहिलं, 'हो, पोहे, चहा, भाजी.' मला वाटलं, प्रामाणिकपणे लिहितेय. माणूस धडपड करतोय, हे दिसावं. फोनवर मुलाखत घेणाऱ्याने सुरुवातीला विचारलं, कसे आहात? यांनी सवयीने सांगितलं, "फाइन, फाइन." आयुष्यभर हेच उत्तर दिलेलं. कुणी विचारलं की 'बरं चाललंय' म्हणायचं, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं.

नामंजुरीचं पत्र आल्यावर मी त्याच चौकटीसमोर पुन्हा बसले आणि एक दिवस नुसतं पाहिलं. कांदा मी चिरून ठेवलेला असतो. उजव्या हातात सुरी धरली तर ती निसटते, म्हणून ती आम्ही वरच्या फळीवर ठेवतो. कढई डाव्या हाताने हलवतात, ती सरकू नये म्हणून मी कान धरून उभी असते. दहा मिनिटांनी खुर्ची लागते. दोनदा गॅस बंद करायचा राहून गेला आहे. हे सगळं मी दुसऱ्या वेळी तसंच लिहिलं, शब्दाला शब्द. पहिल्या उत्तरात खोटं काही नव्हतं, पण मदतीला लागलेला माझा हात मी त्यात दाखवलाच नव्हता.

म्हणून सांगते : काम 'करतो' की 'नाही करत' एवढ्यावर थांबू नका. किती वेळ लागतो, मध्ये किती वेळा थांबावं लागतं, कुणाची मदत लागते, दुसऱ्या दिवशी त्याची काय किंमत मोजावी लागते, हे लिहा. चांगले दिवस आणि वाईट दिवस वेगवेगळे लिहा, आठवड्यात दोन्ही किती ते सांगा. वाढवून काहीही लिहू नका. तसं लिहिलेलं डॉक्टरांच्या नोंदींशी जुळत नाही, आणि मग खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. घरच्या बाईने किंवा मुलाने रोजची वही ठेवली तर फार उपयोग होतो. साधी शाळेची वही, तारीख आणि दोन ओळी.

डॉक्टरांचं एक पत्र पुरेसं आहे ना?

'हे काम करू शकत नाहीत' एवढ्या एका ओळीने काही होत नाही, तो निर्णय सोशल सिक्युरिटी स्वतः घेते. डॉक्टरांनी लिहायला हवं ते हे : किती वेळ बसता येतं, किती वजन उचलता येतं, हाताची बोटं किती चालतात, लक्ष किती वेळ टिकतं. सगळ्या डॉक्टरांची, थेरपिस्टची, हॉस्पिटलांची नावं अर्जात द्या. भारतात उपचार झाले असतील तर ते कागद स्वतः मिळवून जोडा, तिकडून कुणी मागवून घेईल या भरवशावर राहू नका. मानसिक आजाराबद्दल आपल्याकडे कमी बोललं जातं. नैराश्याचे उपचार चालू असतील तर तेही नोंदवा, तोही निवाड्याचा भाग असतो. त्यांच्या डॉक्टरकडे तपासणीला बोलावलं तर जायलाच हवं, खर्च त्यांचा असतो.

मी एच-वन बी वर आहे. मला मिळू शकतं? आणि माझ्या बायकोला?

एसएसडीआयसाठी ग्रीन कार्डच हवं असं नाही. कायदेशीर वास्तव्य आणि पुरेशी क्रेडिट्स हवीत. कमाई १,८९० डॉलर झाली की एक क्रेडिट, वर्षात जास्तीत जास्त चार. साधारण चाळीस लागतात आणि त्यांतली वीस गेल्या दहा वर्षांतली हवीत. तरुणांना कमी पुरतात. आजारपणात नोकरी गेली तर व्हिसाचा प्रश्न उभा राहतो, म्हणून इमिग्रेशनच्या वकिलाशी त्याच आठवड्यात बोला.

भारतात प्रॉव्हिडंट फंडात भरलेली वर्षं इथे जोडता येत नाहीत. अनेक देशांशी अमेरिकेचा तसा करार आहे, भारताशी नाही.

आता बायकोचं. एच-फोर वर असलेल्या ज्या बाईला कामाचा परवाना कधी मिळालाच नाही, तिच्या नावावर एकही क्रेडिट नसतं. मुलांसाठी नोकरी सोडलेल्या बाईचा विमाही साधारण पाच वर्षांनी संपतो, आधी पंधरा वर्षं काम केलेलं असलं तरी. मला ही या व्यवस्थेतली सगळ्यात मोठी उणीव वाटते. तिचं घरातलं काम कुठेच मोजलं जात नाही. नोकरी सुटून तीन-चार वर्षं झाली असतील आणि तब्येत ढासळत असेल तर थांबू नका. विमा चालू असतानाच अपंगत्व सुरू झालं, हे दाखवावं लागतं.

आईबाबांना ग्रीन कार्डवर आणलंय. त्यांना एसएसआय मिळेल?

बहुतेकांना नाही. १९९६ च्या कायद्यानंतर आलेल्या ग्रीन कार्डधारकाला पाच वर्षांची अट आहे आणि चाळीस तिमाहींच्या कामाचीही, म्हणजे वर सांगितलेल्या चाळीस क्रेडिट्सची. शिवाय त्यांना आणताना तुम्ही प्रतिज्ञापत्र दिलेलं असतं, त्यामुळे तुमचं उत्पन्न त्यांचं धरलं जातं. नागरिकत्व मिळाल्यावर चित्र बदलतं. एसएसआय घेतल्याने पुढच्या इमिग्रेशनवर काय परिणाम होईल, हे अर्जाआधी वकिलाला विचारा.

आमचा मुलगा ऑटिस्टिक आहे. आमचा पगार चांगला असल्यामुळे काहीच मिळत नाही असं सांगितलं गेलं.

अठरापर्यंत ते खरं आहे, आईवडिलांचं उत्पन्न मोजतात. अठरा पूर्ण झाल्यावर फक्त त्याचं स्वतःचं मोजतात. हे माहीत नसल्यामुळे बावीस-तेवीस वर्षांची मुलं काहीही न मिळता घरी बसलेली मी पाहिली आहेत. मागच्या महिन्यांचं एसएसआय मिळत नाही, गेलं ते गेलं. अठराव्या वाढदिवसाच्या पुढच्याच महिन्यात अर्ज करा.

न्यू जर्सीत एसएसआय मिळालं की मेडिकेड आपोआप मिळतं. एकविसाव्या वर्षी शाळेचं छत्र संपतं, तेव्हा राज्याच्या विकासात्मक अपंगत्व विभागाच्या सेवांसाठी हेच मेडिकेड लागतं. आजीने प्रेमाने नातवाच्या नावावर ठेवलेली मुदत ठेव मात्र २,००० ची मर्यादा ओलांडू शकते. त्यासाठी एबल खातं, म्हणजे अपंग व्यक्तीच्या नावाचं खास बचत खातं आहे, त्यातले एक लाख डॉलरपर्यंत एसएसआयला धरत नाहीत. जानेवारी २०२६ पासून सेहेचाळिसाव्या वाढदिवसाआधी अपंगत्व आलेल्या कुणालाही ते उघडता येतं.

अपंगत्व बावीस वर्षांआधीचं असेल तर आईवडिलांपैकी कुणी निवृत्त झालं, स्वतः अपंग झालं किंवा गेलं, की मुलाला त्यांच्या नोंदीवर लाभ मिळतो : हयातीत त्यांच्या रकमेच्या निम्म्यापर्यंत, मृत्यूनंतर पाऊण. मात्र मुलाचं लग्न झालं की हा लाभ बहुधा बंद होतो. स्थळं बघण्याआधी हे माहीत असू द्या.

आजार तात्पुरता आहे, चार महिन्यांत बरा होईन.

मग सोशल सिक्युरिटी नाही. न्यू जर्सीचा स्वतःचा तात्पुरत्या अपंगत्वाचा विमा आहे. इथे नोकरी करणाऱ्या बहुतेकांच्या पगारातून त्याचा हप्ता जातो. सरासरी आठवड्याच्या पगाराच्या ८५ टक्के, ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत, २६ आठवडे. बाळंतपणालाही लागू. काम थांबल्यापासून तीस दिवसांत अर्ज करा.

मंजूर झालं तर पैसे लगेच सुरू होतात?

एसएसडीआयला पाच पूर्ण महिन्यांची थांबणूक आहे. त्यानंतर चोवीस महिन्यांनी मेडिकेअर, म्हणजे केंद्र सरकारचा आरोग्यविमा. म्हणजे आजार सुरू झाल्यापासून जवळजवळ अडीच वर्षं आरोग्यविम्याची सोय स्वतः करायची, आणि कर्करोगाच्या घरात अडीच वर्षं फार मोठी असतात. एएलएसच्या (स्नायू निकामी करत जाणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराच्या) रुग्णांना दोन्ही थांबणुकी माफ आहेत. डायलिसिसवर असणाऱ्यांना मेडिकेअर सहसा चौथ्या महिन्यापासून मिळतं. अर्जाआधीच्या बारा महिन्यांपर्यंतचा एसएसडीआय मागे जाऊन मिळू शकतो, तरीही उशीर करू नका.

नामंजूर झालं. आता नव्याने अर्ज करू का?

नवा नको, अपील करा. पहिल्या फेरीत साधारण तीनपैकी दोन अर्ज नामंजूर होतात, त्यामुळे त्या पत्राने खचू नका. साठ दिवस मिळतात, वर टपालाचे पाच. आधी फेरविचार, मग न्यायाधीशापुढे सुनावणी, मग अपील्स कौन्सिल, शेवटी फेडरल कोर्ट. मुदत हुकवून नवा अर्ज केला तर मागची थकबाकी बुडू शकते. सुनावणीला वकील घ्याच. जिंकलात तरच तो फी घेतो, सहसा थकबाकीच्या २५ टक्के आणि जास्तीत जास्त ९,२०० डॉलर. आधी पैसे मागणाऱ्याकडे जाऊ नका.

मराठीत बोलता येईल?

दुभाषा मागा, तो फुकट मिळतो. १-८००-७७२-१२१३ वर फोन करून भाषा सांगा. मुलाला दुभाषा करू नका. वडिलांना लघवीवर ताबा राहत नाही हे मुलासमोर सांगवत नाही, आणि मुलाला ते इंग्रजीत म्हणवत नाही. नेमकी तीच गोष्ट फाइलमधून गळते.

अर्ज चालू असताना भारतात जाऊन येऊ का?

जाता येतं, पण दोन गोष्टी सांभाळा. एसएसआय मिळत असेल आणि सलग तीस दिवस देशाबाहेर राहिलात तर ते थांबतं. परत आल्यावर सलग तीस दिवस इथे राहिल्याशिवाय सुरू होत नाही. भाचीच्या लग्नाचं तिकीट काढताना दिवस मोजा. आणि तुमच्या मागे टपालपेटी कोण उघडणार, हे ठरवून जा. एका काकांचं नामंजुरीचं पत्र ते साताऱ्याला असताना आलं आणि दहा आठवडे पेटीत पडून राहिलं. उशिराचं सबळ कारण लेखी दिलं तर मुदत वाढवून मागता येते, तशी आम्ही मागितली. तेव्हापासून मी प्रत्येकाला शेजारच्या घरी एक किल्ली ठेवून जायला सांगते.